यंत्रणा, धोरण आणि उत्तरदायित्व : लिनक्स कर्नेलच्या टीसीपी प्रोटोकॉलमधील प्रोग्रामक्षम हुकांची चिकित्सा

सारांश

ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यातील नेटवर्क-प्रोटोकॉलला बाहेरून धोरण पुरविता यावे, यासाठी ठेवलेल्या प्रोग्रामक्षम हुकांचा प्रस्तुत लेखात चिकित्सक विचार केला आहे. मार्च २०२० मध्ये आलेल्या लिनक्सच्या ५.६ या आवृत्तीपासून टीसीपी प्रोटोकॉलचे कोंडी-नियंत्रण बीपीएफ या पद्धतीने लिहिलेल्या प्रोग्रामकडे सोपविता येते. या सोयीचे समर्थन 'यंत्रणा कर्नेलची, धोरण वापरकर्त्याचे' या जुन्या तत्त्वाच्या आधारे केले जाते. हे तत्त्व ग्राह्य असले तरी त्याचा येथील वापर अपुरा आहे, असे लेखाचे प्रतिपादन आहे. प्रोग्राम कर्नेलमध्ये शिरण्यापूर्वी त्याची तपासणी करणारा पडताळक त्या संगणकाचे रक्षण करतो. त्याच वाहिनीवरून जाणाऱ्या इतरांच्या हिताची तपासणी तो करीत नाही. म्हणून ज्या धोरणाचे परिणाम घरातच राहतात आणि ज्याचे परिणाम सार्वजनिक जाळ्यावर पडतात, अशा दोन प्रकारच्या धोरणांसाठी हुकांची खोली वेगवेगळी असावी, असा निष्कर्ष येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : कर्नेल, यंत्रणा व धोरण, टीसीपी, कोंडी-नियंत्रण, बीपीएफ, पडताळक, उत्तरदायित्व.

१. प्रस्तावना

संगणकाची स्मृती, प्रक्रियक, तबकडी आणि नेटवर्क यांचे वाटप करणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नेल होय. वापरकर्त्याचे प्रोग्राम कर्नेलच्या बाहेर चालतात आणि कर्नेलकडे सेवा मागतात. बाहेरचा प्रोग्राम चुकला तर तो एकटा कोसळतो. कर्नेलमधील चूक मात्र सारा संगणक बंद पाडू शकते. या कारणाने कर्नेलमध्ये काय असावे आणि काय नसावे, हा प्रश्न संगणकशास्त्रात पहिल्यापासून वादाचा राहिला आहे.

या वादातून जे एक सूत्र सर्वमान्य झाले ते असे की, कर्नेलने यंत्रणा पुरवावी, धोरण ठरवू नये. 'कसे करता येईल' ही यंत्रणा. 'काय करावे' हे धोरण. राज्यशास्त्राच्या अभ्यासकांस ही विभागणी अपरिचित नाही. विधिमंडळ मूळ अधिनियम संमत करते आणि तपशिलाचे नियम करण्याचा अधिकार शासनाच्या विभागांकडे सोपविते. अशा वेळी सोपविलेल्या अधिकाराची सीमा कोणती आणि ती ओलांडली गेली हे कोण ठरविणार, असे दोन प्रश्न नेहमीच उपस्थित होतात. कर्नेलमधील हुकांच्या बाबतीतही हेच दोन प्रश्न विचारणे आवश्यक आहे. परंतु या विषयावरील बहुतेक लेखन वेग आणि सोय यांपाशीच थांबलेले दिसते.

'हुक' म्हणजे कर्नेलच्या वाटचालीत मुद्दाम ठेवलेली खुंटी. कर्नेलचे काम त्या ठिकाणी पोहोचले की खुंटीला अडकविलेला प्रोग्राम चालविला जातो आणि त्याच्या उत्तरानुसार पुढील काम होते. खुंटी भिंत बांधणाऱ्याने ठोकलेली असते, तिला काय टांगायचे ते राहणारा ठरवितो. वरवर पाहता ही वाटणी निर्दोष वाटते. ती तशी आहे काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. उद्दिष्टे आणि मर्यादा

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. (१) टीसीपी प्रोटोकॉलमध्ये धोरण-हुक येण्यामागील कारणपरंपरा समजून घेणे. (२) या हुकांची रचना आणि त्यांवरील बंधने यांचे परीक्षण करणे. (३) या रचनेत उत्तरदायित्व कोणाकडे जाते, याची चिकित्सा करणे.

अभ्यास विश्लेषणात्मक स्वरूपाचा आहे. कर्नेलची खुली संहिता, इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्स या संस्थेचे 'आरएफसी' दस्तऐवज आणि मान्यताप्राप्त परिषदांतील निबंध यांवर तो आधारलेला आहे. विवेचन लिनक्सपुरते आणि प्रामुख्याने टीसीपीच्या कोंडी-नियंत्रणापुरते मर्यादित ठेवले आहे.

३. पूर्वपीठिका

यंत्रणा आणि धोरण यांच्या विभक्ततेची पद्धतशीर मांडणी कार्नेगी मेलन विद्यापीठातील 'हायड्रा' या ऑपरेटिंग सिस्टीमच्या निमित्ताने झाली. लेव्हिन, कोहेन, कॉर्विन, पोलॅक आणि वुल्फ यांचा यासंबंधीचा निबंध १९७५ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रक्रियकाचा वेळ कोणत्या कामास किती द्यावा, हा निर्णय कर्नेलबाहेरील धोरण-प्रोग्रामने घ्यावा, अशी त्यांची कल्पना होती. तथापि प्रत्येक लहान निर्णयासाठी कर्नेलमधून बाहेर जाऊन परत येणे फार खर्चाचे ठरते, हे त्यांच्याच लक्षात आले. म्हणून त्यांनी मध्यम मार्ग स्वीकारला. क्षणाक्षणाचे निर्णय कर्नेलनेच घ्यावेत; मात्र ते ज्या आकड्यांच्या आधारे घेतले जातात ते आकडे बाहेरच्या प्रोग्रामने ठरवावेत. म्हणजे तत्त्व मांडणाऱ्यांनीच त्याची किंमतही सांगून ठेवली होती.

ही किंमत कमी करण्याचा एक उपाय म्हणजे धोरण-प्रोग्रामलाच कर्नेलमध्ये प्रवेश देणे. परंतु अशा वेळी परक्या प्रोग्रामवर विश्वास कसा ठेवायचा, हा प्रश्न उभा राहतो. १९९३ च्या जानेवारीत युझनिक्स परिषदेत स्टीव्हन मॅकॅन आणि व्हॅन जेकबसन यांनी मांडलेल्या 'बीएसडी पॅकेट फिल्टर' अर्थात बीपीएफने याचे एक साधे उत्तर दिले. कोणती पॅकेटे हवीत हे वापरकर्त्याने एका लहानशा कृत्रिम यंत्रभाषेत लिहावे आणि कर्नेलने ते चालवावे. या भाषेत उडी केवळ पुढेच मारता येत असे. त्यामुळे प्रोग्राम कधीतरी संपणारच, याची खात्री होती. भाषा मुद्दाम दुबळी ठेवून विश्वासाचा प्रश्न सोडविला होता.

लिनक्समध्ये धोरण-हुकांचा मोठा प्रयोग म्हणजे २००१ च्या जानेवारीत आलेल्या २.४ आवृत्तीतील 'नेटफिल्टर'. पॅकेटच्या प्रवासात पाच ठिकाणी हुक ठेवण्यात आले : आत आल्याबरोबर, स्वतःसाठी असल्यास, पुढे पाठवायचे असल्यास, येथूनच निघाल्यास आणि बाहेर पडताना. अग्निभिंतीचे नियम याच हुकांवर उभारले गेले. येथील धोरण पॅकेट येऊ द्यावे की अडवावे एवढ्यापुरते होते. प्रोटोकॉलच्या अंतर्गत वर्तनास त्याने हात लावला नव्हता. पुढील टप्प्यात नेमके तेच घडले.

४. कोंडी-नियंत्रण : यंत्रणा की धोरण?

टीसीपीने एका वेळी किती पॅकेटे वाहिनीत सोडावीत, हे ठरविणाऱ्या भागास कोंडी-नियंत्रण म्हणतात. याची निकड १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये जाणवली. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यातील अंतर सुमारे ४०० यार्डांचे. त्यांच्यामधील वहन सेकंदाला ३२ हजार बिटांवरून अवघ्या ४० बिटांवर आले. पॅकेटे हरवत, संगणक ती पुन्हा पाठवीत, त्याने गर्दी अधिकच वाढत असे. जेकबसन यांनी १९८८ च्या निबंधात यावरील उपाय मांडला. पॅकेट हरवणे ही गर्दीची खूण समजावी, आपला वेग झटकन कमी करावा आणि मग हळूहळू वाढवावा.

या उपायाचे एक वैशिष्ट्य नजरेआड होऊ नये. इंटरनेटच्या मधल्या स्थानकांवर प्रत्येकाचा वाटा मोजून देणारा कोणी नसतो. पाठविणारा संगणक स्वतःहून आवरते घेतो, म्हणून सर्वांना जागा मिळते. पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखी ही व्यवस्था आहे. वरच्याने दार मोडून घेतले तर शेवटच्याचे शेत कोरडे राहते. सॅली फ्लॉइड आणि केव्हिन फॉल यांनी १९९९ च्या निबंधात या स्वनियंत्रणाचे महत्त्व सविस्तर दाखविले होते, आणि फ्लॉइड यांनीच लिहिलेल्या सप्टेंबर २००० च्या आरएफसी २९१४ मध्ये ते तत्त्वरूपाने नोंदविले गेले.

यावरून धोरणांचे दोन वर्ग करणे शक्य होते. पहिल्या वर्गातील धोरणाचा परिणाम ते ठरविणाऱ्यावरच होतो. मल्टिपाथ टीसीपी हे याचे उत्तम उदाहरण आहे. जानेवारी २०१३ च्या आरएफसी ६८२४ मध्ये प्रथम मांडलेला आणि मार्च २०२० च्या आरएफसी ८६८४ मध्ये सुधारलेला हा विस्तार एकाच जोडणीचा मजकूर एकाहून अधिक मार्गांनी नेतो. फोनवर वाय-फाय आणि मोबाइल डेटा दोन्ही उपलब्ध असता पॅकेट कोणत्या मार्गाने पाठवावे? मोबाइल डेटाचे पैसे कोण भरतो, किती भरतो आणि त्याला घाई किती आहे, हे कर्नेलला ठाऊक असण्याचे कारण नाही. येथे निर्णय बाहेरून यावा हेच योग्य.

दुसऱ्या वर्गातील धोरणाचा परिणाम इतरांवर होतो. किती वेगाने पाठवावे, हा प्रश्न या वर्गातील आहे. माझा वेग वाढला की सामाईक वाहिनीवरील दुसऱ्याचा घटतो. त्यामुळे कोंडी-नियंत्रणाला केवळ 'धोरण' म्हणून यंत्रणेपासून वेगळे काढले की अर्धेच सत्य सांगितले जाते. ते धोरण आहे हे खरे. पण ते एकट्याच्या मर्जीचे धोरण नाही.

५. हुकांच्या वाटचालीतील तीन टप्पे

पहिला टप्पा २००५ च्या ऑगस्टमधील २.६.१३ या आवृत्तीचा. स्टीफन हेमिंगर यांच्या कामामुळे कोंडी-नियंत्रणाची पद्धत टीसीपीच्या मुख्य संहितेतून सुटी झाली आणि वेगास, वेस्टवूड आदी पद्धती मॉड्यूल म्हणून जोडता येऊ लागल्या. प्रत्येक जोडणीसाठी वेगळी पद्धत निवडण्याची सोयही झाली. मात्र सामान्य प्रोग्रामला कोणत्या पद्धती खुल्या असाव्यात, याची यादी व्यवस्थापकाच्या हाती राहिली. २००६ मधील २.६.१९ या आवृत्तीपासून 'क्युबिक' ही पद्धत मूळ निवड ठरली. येथे हुक होता, पण त्यास अडकवायचा मॉड्यूल कर्नेलइतक्याच अधिकाराने चालत असे. तो चुकला तर संगणक कोसळे.

दुसरा टप्पा २०१७ मधील ४.१३ या आवृत्तीचा. तत्पूर्वी २०१४ मध्ये अलेक्सेई स्टारोव्हॉइटोव्ह यांच्या पुढाकाराने बीपीएफचा मोठा विस्तार झाला होता. फेसबुकमधील लॉरेन्स ब्राक्मो यांनी त्याचा टीसीपीशी सांधा जुळविला. जोडणीच्या ठरावीक क्षणी कर्नेल बीपीएफ प्रोग्रामला प्रश्न विचारतो : पहिल्या पॅकेटच्या उत्तराची वाट किती वेळ पाहावी? सुरुवातीची खिडकी किती ठेवावी? प्रोग्रामने उणे एक असे उत्तर दिले तर कर्नेल आपले नेहमीचे मूल्य वापरतो. एकाच माहिती-केंद्रातील दोन संगणकांमध्ये उत्तर अत्यल्प काळात येते. तेथे इंटरनेटसाठी ठरविलेली एका सेकंदाची प्रतीक्षा निरर्थक ठरते. ही रचना हायड्राच्या मध्यम मार्गाशी बरीच मिळतीजुळती आहे. कर्नेल विचारतो, प्रोग्राम आकडा देतो, कृती कर्नेलच करतो.

तिसरा टप्पा २०२० मधील ५.६ या आवृत्तीचा. मार्टिन काफाई लाउ यांच्या 'स्ट्रक्ट-ऑप्स' या रचनेमुळे कोंडी-नियंत्रणाची संपूर्ण पद्धतच बीपीएफमध्ये लिहून चालू संगणकात, तो बंद न करता, बसविता येऊ लागली. नमुना म्हणून क्युबिक आणि डीसीटीसीपी या दोन पद्धती अशा रीतीने लिहून दाखविण्यात आल्या. आता केवळ आकडा नव्हे, तर निर्णय घेणारी बुद्धीच बाहेरून येते.

या टप्प्याचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही. पूर्वी नवी पद्धत तपासून पाहण्यासाठी मॉड्यूल बांधून अख्खा संगणक पणास लावावा लागे; आता चुकीचा प्रोग्राम दारातच अडविला जातो. संशोधक आणि विद्यार्थी यांच्यासाठी ही मोठी सोय आहे, यात शंका नाही.

६. चिकित्सा

(अ) हुकाची जागा हेच एक धोरण

हुक तटस्थ असतो हे गृहीतक तपासून पाहिले असता टिकत नाही. लिनक्सच्या कोंडी-नियंत्रण रचनेत वेग ठरविण्यासाठी दोन पर्यायी हुक आहेत. पहिला केवळ खिडकी कशी वाढवावी एवढेच विचारतो. पॅकेट हरविल्यानंतर खिडकी कोणत्या मर्यादेपर्यंत उतरवावी हे पद्धतीने सांगायचे असते. पण ती टप्प्याटप्प्याने उतरविण्याचे काम मे २०१३ च्या आरएफसी ६९३७ मध्ये वर्णिलेल्या रीतीने कर्नेल स्वतः करतो. दुसरा हुक भरल्यास मात्र कर्नेल हे काम सोडून देतो आणि वाढ व घट दोन्ही त्या प्रोग्रामच्या स्वाधीन होतात. 'बीबीआर'सारख्या पद्धतीला दुसरा हुक आवश्यक होता, कारण ती पॅकेट हरवण्यावर नव्हे तर वाहिनीच्या मोजलेल्या क्षमतेवर चालते.

या दोन हुकांतील फरक तांत्रिक दिसला तरी तो अधिकाराचा फरक आहे. पहिल्यात संकटकाळचे अधिकार काही अंशी मध्यवर्ती सत्तेकडे राहतात, दुसऱ्यात तेही दिले जातात. कोणता हुक कोणास मिळावा, याचा विचार मात्र रचनेत कोठेही नाही. जो पद्धत लिहितो तोच निवडतो. यंत्रणा-धोरण विभाजनाची रेषा कोठे आखायची, हा निर्णय यंत्रणेच्या नावाखाली घेतला जातो, पण तो स्वतः एक धोरणात्मक निर्णय असतो.

(आ) पडताळक कोणाचे रक्षण करतो?

बीपीएफ प्रोग्राम कर्नेलमध्ये शिरण्यापूर्वी पडताळक त्याची प्रत्येक संभाव्य वाट चालून पाहतो. प्रोग्राम संपेल काय, नेमून दिलेल्या स्मृतीबाहेर तो हात घालील काय, परवानगी नसलेले कार्य तो बोलावील काय, हे तो तपासतो. कोंडी-नियंत्रणाच्या प्रोग्रामला टीसीपीच्या नोंदवहीतील पुष्कळ रकाने वाचता येतात; लिहिता येणारे रकाने मात्र मोजकेच आहेत. खिडकी, तिचा उंबरठा, पाठविण्याची गती आणि अशाच काही निवडक गोष्टींचा त्यांत समावेश होतो. ही यादी विचारपूर्वक केलेली आहे.

तथापि, खिडकीच्या रकान्यात कोणता आकडा लिहिला जातो, हे पडताळक विचारीत नाही. पॅकेटे कितीही हरवली तरी खिडकी मोठीच ठेवणारा प्रोग्राम त्याच्या सर्व कसोट्यांवर उतरू शकतो. तो संपतो, स्मृतीची मर्यादा पाळतो, लिहिण्याच्या रकान्यातच लिहितो. त्याच्यापुढे उरतात ते अडसर एवढेच : प्राप्तकर्त्याने सांगितलेली मर्यादा, पाठविणाऱ्याचा बफर आणि उत्तराची मुदत संपल्यावर कर्नेल करतो ती कपात. १९८६ मधील कोंडीत एकाही संगणकाची स्मृती बिघडली नव्हती. प्रत्येक संगणक आपापल्या परीने सुरक्षितच चालला होता, आणि तरीही जाळे बंद पडले. पडताळकाची सुरक्षिततेची व्याख्या लावली तर त्या घटनेत काहीच चुकले नव्हते असे म्हणावे लागेल. प्रस्तुत लेखातील मुख्य आक्षेप हाच आहे.

अर्थात आपल्या मर्यादित क्षेत्रातही पडताळक अभेद्य नाही. २०१८ च्या जानेवारीत उघड झालेल्या 'स्पेक्टर' दोषाच्या प्रात्यक्षिकात बीपीएफचा उपयोग केला गेला; २०२० च्या मार्चमधील 'पॉन-टू-ओन' स्पर्धेत पडताळकाच्या अंकसीमा मोजण्यातील चूक वापरून कर्नेलवर ताबा मिळविण्यात आला. पडताळक जसजसा समर्थ होतो तसतसा तो गुंतागुंतीचाही होतो. २०१९ मध्ये ५.२ या आवृत्तीत विशेषाधिकारी प्रोग्रामसाठीची आज्ञांची मर्यादा ४०९६ वरून १० लाखांवर नेण्यात आली आणि पाठोपाठ ५.३ मध्ये मर्यादित आवर्तनांनाही मुभा मिळाली. मूळ बीपीएफची सुरक्षितता तिच्या दुबळेपणात होती. आजची सुरक्षितता तपासनीसाच्या हुशारीवर विसंबून आहे.

(इ) अधिकार आणि उत्तरदायित्व

बीपीएफ प्रोग्राम बसविण्याचा अधिकार विशेषाधिकारी वापरकर्त्यालाच आहे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते रास्त आहे. परंतु यामुळे 'वापरकर्त्याच्या हाती धोरण' या घोषणेतील वापरकर्ता कोण, हे स्पष्ट होते. तो संगणकाचा व्यवस्थापक आहे. व्यवहारात, हजारो संगणकांची माहिती-केंद्रे चालविणारी मोठी कंपनी आहे. ज्याचा प्रवाह त्या वाहिनीत अडखळतो तो दुसऱ्या टोकाचा सामान्य माणूस या व्यवस्थेत कोठेच नाही.

येथे बीबीआरचे उदाहरण उद्बोधक ठरते. गुगलमधील अभियंत्यांनी तयार केलेली ही पद्धत डिसेंबर २०१६ च्या ४.९ या आवृत्तीत कर्नेलमध्ये आली. तिच्या निबंधाच्या लेखकांत स्वतः जेकबसनही होते. २०१९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिले की, बीबीआरचा एकच प्रवाह क्युबिक किंवा रेनोच्या १६ प्रवाहांशी स्पर्धा करतानाही वाहिनीचा सुमारे ४० टक्के भाग घेऊ शकतो. कर्नेलमधील सार्वजनिक छाननी पार करूनही ही असमानता राहिली. तेव्हा छाननी हा रामबाण उपाय आहे, असा दावा करता येणार नाही. मात्र संहिता सर्वांसमोर होती, म्हणूनच बाहेरच्या विद्यापीठास तिची प्रतिकृती मांडता आली, दोष नेमका कोठे आहे हे सांगता आले आणि मूळ लेखकांना पुढील आवृत्तीवर काम करावे लागले.

हुकातून आलेल्या प्रोग्रामला अशी उघड छाननी लाभेलच असे नाही. अशा प्रोग्रामने आपला परवाना जीपीएलशी सुसंगत असल्याचे घोषित करावे, अशी पडताळकाची अट आहे. परंतु संहिता इतरांना देण्याचे जीपीएलचे बंधन प्रोग्रामचे वितरण केल्यावर लागू होते. स्वतःच्याच संगणकांवर तो चालविणाऱ्यास ती दाखविण्याची सक्ती नाही. परिणामी अट कागदावर पुरी होते आणि पद्धत अंधारात राहते. अधिकार सोपविला गेला, हिशेब मागण्याची सोय मात्र सोपविली गेली नाही.

(ई) नमुन्यातील विसंगती

स्ट्रक्ट-ऑप्ससोबत दिलेल्या दोन नमुन्यांपैकी डीसीटीसीपी ही पद्धत नियंत्रित माहिती-केंद्रांसाठी आहे; पुरेशा अतिरिक्त उपायांशिवाय ती सार्वजनिक इंटरनेटवर वापरू नये, असे ऑक्टोबर २०१७ च्या आरएफसी ८२५७ मध्ये स्पष्ट बजावले आहे. ही सूचना दस्तऐवजात आहे. हुकाच्या रचनेत तिला जागा नाही. 'हा प्रोग्राम अमुक जाळ्यापुरताच' असे नोंदविणारा आणि कर्नेलने पाळावा असा कोणताही रकाना त्या रचनेत ठेवलेला नाही. व्यवस्थापक दक्ष असेल तर मार्गनिहाय पद्धत ठरवू शकतो. दक्ष नसेल तर त्याला अडविणारे कोणी नाही.

याखेरीज हुकाच्या स्थैर्याचाही प्रश्न आहे. कर्नेलचे बाह्य संवादमार्ग मोडायचे नाहीत, हा लिनक्सचा प्रसिद्ध दंडक. स्ट्रक्ट-ऑप्स मात्र कर्नेलच्या अंतर्गत रचनेला चिकटलेले आहेत आणि तो दंडक त्यांना लागू नाही. २०२४ मध्ये वर उल्लेखिलेल्या दुसऱ्या हुकाला दोन नवे घटक पुरविण्यात आले, हे त्याचे उदाहरण. बाहेरून पाहणाऱ्यास जो करार वाटतो तो आतून पाहता तात्पुरती व्यवस्था असते.

७. एका आक्षेपाचा विचार

उपरोक्त विवेचनावर एक रास्त आक्षेप घेता येईल. कर्नेलने हुक दिला नाही म्हणून कोणी थांबत नाही. मे २०२१ मध्ये आरएफसी ९००० द्वारे प्रमाणित झालेला 'क्विक' हा प्रोटोकॉल सामान्यतः कर्नेलबाहेर, अनुप्रयोगाच्या आतच चालतो आणि कोंडी-नियंत्रणही तेथेच होते. तेथे ना पडताळक आहे ना लिहिण्याच्या रकान्यांची यादी. मग हुकांवर बंधने घातली तर लोक कर्नेल सोडून जातील आणि उरलेसुरले नियंत्रणही संपेल.

या आक्षेपात तथ्य आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. कर्नेल हे अनेक प्रवाहांच्या एकत्र येण्याचे ठिकाण आहे. एकेका अनुप्रयोगास जे दिसत नाही ते कर्नेलला दिसते. म्हणून कर्नेलमध्ये राहण्याचा काही लाभ असेल तर तो केवळ वेगाचा नसून सामाईक मर्यादा पाळली जाण्याचाही असला पाहिजे. त्या मर्यादाच काढून टाकून कर्नेलने अनुप्रयोगांशी सैलपणाची स्पर्धा केली, तर कर्नेलमध्ये राहण्याचे प्रयोजनच दुबळे होते. शिवाय बंधन म्हणजे बंदी नव्हे. मार्च २०१७ च्या आरएफसी ८०८४ मध्ये वर्णिलेली 'सर्किट ब्रेकर'ची कल्पना येथे उपयोगी पडण्यासारखी आहे. घरातील वीजजोडणीप्रमाणे नेहमीच्या वापरात तिचा हस्तक्षेप होत नाही. जाळ्यावर सतत अतिरिक्त भार पडत असल्याचे दिसले तरच ती प्रवाह कमी करते किंवा तोडते.

८. निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात.

(१) यंत्रणा आणि धोरण यांची विभक्तता हे उपयुक्त तत्त्व आहे; परंतु 'धोरण' या एकाच शब्दाखाली खासगी परिणामांचे आणि सार्वजनिक परिणामांचे निर्णय एकत्र आणणे योग्य नाही. मल्टिपाथ टीसीपीतील मार्गनिवड किंवा माहिती-केंद्रातील प्रतीक्षाकाळ हे पहिल्या वर्गात, कोंडी-नियंत्रण दुसऱ्या वर्गात मोडते.

(२) पहिल्या वर्गासाठी खोल हुक असण्यास हरकत नाही. दुसऱ्या वर्गासाठी कर्नेल प्रश्न विचारतो आणि प्रोग्राम उत्तर देतो, अशी उथळ रचना मूळ निवड असावी. खोल हुक द्यायचाच असेल तर पॅकेटे सतत हरवत असता कर्नेलने स्वतः आवर घालावा, अशी तळरेषा प्रोग्रामच्या हाताबाहेर ठेवली जावी.

(३) पडताळकाचे प्रमाणपत्र हे प्रोग्राम चांगला असल्याचे प्रमाणपत्र नाही. अध्यापनात आणि लेखनात 'सुरक्षित' हा शब्द वापरताना कोणासाठी सुरक्षित, हे सांगितले गेले पाहिजे.

(४) आज कोणत्या जोडणीवर कोणती पद्धत चालू आहे, तिचे नाव लिनक्समध्ये व्यवस्थापकास 'एसएस' या साध्या आज्ञेने पाहता येते. नावापलीकडे जाऊन हुकातून आलेल्या पद्धतीचे कार्यक्षेत्र नोंदविणे आणि कर्नेलने ते पाळणे, ही या दिशेची पुढची पायरी ठरेल.

आपल्या महाविद्यालयांतील संगणकशास्त्राच्या वर्गात यंत्रणा आणि धोरण यांची व्याख्या परीक्षेपुरती शिकविली जाते. त्या व्याख्येपुढे जाऊन, धोरण कोणाचे आणि परिणाम कोणावर, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यास टीसीपीच्या हुकांसारखे दुसरे उदाहरण क्वचितच सापडेल. संहिता सर्वांना वाचण्यास खुली आहे, आणि दोन संगणक व एक सामाईक वाहिनी एवढ्या साहित्यावर तिचे परिणाम प्रयोगशाळेत मोजून पाहता येतात.